दापोडीचा बिननावाचा चित्रकार

पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडली की शिवाजीनगर, खडकी आणि मग दापोडी. मंडळी, आपल्यापैकी जे पुणे-पिंपरीकडचे आहेत त्यांनी हे स्टेशन खिडकीतून शेकडो वेळा पाहिले असेल. दापोडी म्हटले की एस.टी.ची कार्यशाळा, हॅरिस पूल आणि लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आठवते. याच दापोडीत एके काळी मुंबई सरकारची वनस्पती बाग होती, हे मात्र पुण्यात जन्म काढलेल्यांनाही सहसा ठाऊक नसते. पेशव्यांच्या पदरच्या कवायती फौजेचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा इथे बंगला होता. पेशवाई बुडाल्यावर तो गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी मुक्कामासाठी सरकारने घेतला आणि १८२८ मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, तिथे बाग सुरू झाली. इंग्रजी कागदपत्रांत दापोडीची 'दापूरी' झाली आहे.

१८३८ पासून या बागेचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होता. बाग म्हणजे साहेबलोकांची हौस असे कुणाला वाटेल, पण इथे खुरासनी ओव्यासारख्या वनस्पती लावून लष्कराच्या दवाखान्यांसाठी औषधे तयार होत. देशोदेशीची झाडे इथे आणून जगतात का हेही पाहिले जाई. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने या बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. अशी सुमारे १७० जलरंगातली चित्रे आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तिथले अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर एक देखणे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा दीडशे वर्षांनी दापोडीचे नाव जगापुढे आले.

गिब्सनचे चरित्र आपल्याला कळते. तो कुठे शिकला, कुठल्या हुद्द्यावर होता, कधी निवृत्त झाला, सगळे कळते. चित्रांतल्या प्रत्येक झाडाचे नाव कळते, तेही लॅटिनमध्ये, कुळासकट. फक्त चित्रे काढणाऱ्याचे नाव नाही. तो पोर्तुगीज-हिंदी होता, एवढीच त्याची ओळख उरली आहे. म्हणजे गोव्याकडचा असेल, वसई-साष्टीचा असेल. तीन वर्षे जो माणूस रोज एक एक पान न्याहाळत बसला, त्याचे नाव एका ओळीतही नाही.

मला यातून जो प्रश्न पडला तो वनस्पतिशास्त्राचा नाही. नाव राहिले नाही म्हणून त्या माणसाचे काही बिघडले का? चित्रे तर राहिली. मग नावाचे एवढे काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि आपण सगळे कुवेतमध्ये ज्या पद्धतीने राहतो, काम करतो आणि करून घेतो, त्याच्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे असे मला वाटते.

आधी हे चित्र म्हणजे काय प्रकरण असते ते सांगायला हवे, कारण 'फुलाचे चित्र' म्हटले की आपल्याला कॅलेंडर आठवते. वनस्पतीचे शास्त्रीय चित्र ही वेगळीच शिस्त आहे. त्यात आभाळ नसते, माती नसते, मागे डोंगर नसतो. कोऱ्या कागदावर एक फांदी, शक्य तर खऱ्या आकाराची. फूल आधी रंगवायचे, कारण ते सर्वांत आधी कोमेजते. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तोडलेले फूल किती वेळ टिकते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आधी पेन्सिलीने झटपट रेखाटन, रंगाच्या छटा कडेला लावून ठेवायच्या आणि उरलेले काम मग सावकाश. पान वरून कसे दिसते आणि खालून कसे, हे दोन्ही दाखवायचे, कारण पुष्कळदा खरी खूण पानाच्या पाठीवर असते. कुठे लव असते, कुठे शिरा उठून दिसतात. शेवटी फूल उभे चिरायचे आणि भिंग लावून पुंकेसर किती, अंडाशय कुठे, बीज कसे लागले आहे, हे कोपऱ्यात मोठे करून काढायचे.

कुणी म्हणेल, आता कॅमेरा असताना हा खटाटोप कशाला? पण फोटोत एका झाडाची एक फांदी येते, तिच्यावर किडीने खाल्लेल्या पानासकट. चित्रकार दहा फांद्या पाहतो आणि त्या जातीत जे नेहमीचे आहे ते काढतो. सुकवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात रंग राहत नाही, घडण चपटी होते. म्हणून आजही नव्या वनस्पतीचे वर्णन छापताना सोबत हाताने काढलेली आकृती देण्याची पद्धत टिकून आहे. जुन्या काळच्या काही वनस्पतींच्या बाबतीत तर मूळ नमुना उपलब्धच नाही. तिथे चित्र हाच त्या नावाचा अधिकृत पुरावा मानला जातो. चित्रकाराच्या हाताची अशी साक्ष शास्त्राने काढली आहे.

हे किती कठीण आहे याची चुणूक घरबसल्या मिळते. आमच्या अब्बासियातल्या फ्लॅटच्या गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिला आत घ्यावे लागते, नाहीतर दोन दिवसांत काटक्या. गेल्या वर्षी मुलीला शाळेत पानाचे चित्र काढायचे होते. ती कागद घेऊन बसली आणि तिने विचारले, "बाबा, याची छोटी पाने समोरासमोर असतात की एक इकडे एक तिकडे?" घरात चार मोठी माणसे होती. आईने तर साठ वर्षे फोडणीत कढीपत्ता टाकला आहे. कुणालाही पाहिल्याशिवाय सांगता आले नाही. (एक इकडे, एक तिकडे असतात. शिवाय प्रत्येक पर्णिकेचा देठाकडचा भाग जरासा तिरका असतो, दोन्ही बाजू सारख्या नसतात. करून पाहा.) आपण रोज हाताळतो ती वस्तूसुद्धा आपण पाहिलेली नसते. चित्रकाराला हे चालत नाही. त्याला मोजावे लागते.

या कामात चित्रकाराने स्वतःला बाजूला ठेवायचे असते, ही खरी गोष्ट आहे. त्याची शैली दिसू लागली की शास्त्रज्ञ कपाळाला आठ्या घालतो. त्याला फुलाचा लाल रंग हवा असतो, चित्रकाराच्या मनातला लाल रंग नको असतो. स्वतःला इतके पुसून एखाद्या पानाच्या हवाली करणे ही मला जवळजवळ साधना वाटते. आणि इथेच आपल्या मनात एक अतिशय सोयीचा विचार येतो. आपल्याकडे नावाची हाव नव्हतीच मुळी, असे आपण म्हणतो. कर्म करावे, फळाची आशा धरू नये. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कुठे सह्या केल्या? दापोडीचा चित्रकार त्याच परंपरेतला, म्हणून नाव नाही. छान. विषय संपला.

पण अजिंठ्याचेच उदाहरण जरा नीट पाहू. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते लेणे करवून घेतले, असे त्यात नीट लिहून ठेवले आहे. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा असाच लेख आहे. म्हणजे नाव कोरण्याची पद्धत त्या काळी होती, छिन्नी होती, भिंतीवर जागाही होती. पैसे देणाऱ्याचे नाव कोरले गेले, चित्र काढणाऱ्याचे नाही. याला निरिच्छपणा म्हणायचे असेल तर तो दात्याला का लागू झाला नाही, हे कुणीतरी सांगितले पाहिजे.

आणि निरिच्छपणा म्हणाल तर आपल्या संतांइतके निरिच्छ कोण? पण अभंगाच्या शेवटी नाव येतेच. 'तुका म्हणे' येते, 'नामा म्हणे' येते. अहंकार सोडा असे सांगणाऱ्यांनीच प्रत्येक रचनेखाली आपली नाममुद्रा ठेवली. जनाबाई तर नामदेवांच्या घरी काम करणारी. दळण, कांडण, शेण गोळा करणे हा तिचा दिवस. तिने काय केले? 'नामयाची दासी जनी' अशी मुद्रा करून आपले नाव सातशे वर्षे टिकवले. यात हाव दिसत नाही. मी हे म्हटले आहे, याची जबाबदारी माझी आहे, असे ते नाव सांगते. दासी म्हणवून घेण्यात तिला कमीपणा वाटला नाही, पण बिननावाची ती राहिली नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे की बिननावाचे असणे दोन प्रकारचे असते. एकात माणूस आपले नाव स्वतः बाजूला ठेवतो. दुसऱ्यात त्याचे नाव कुणी विचारतच नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कागदावर दोन्हीकडे कोरी जागाच असते. पण पहिल्याचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे ही लबाडी आहे. गुप्तदान करणारा आणि ज्याचे पाकीट मारले गेले तो, दोघांच्याही खिशातून पैसे गेलेले असतात!

यावर दुसरे ठरलेले उत्तर म्हणजे 'त्या काळाची तशी पद्धतच होती'. हेही तपासून पाहावे लागते. दापोडीच्या चित्रांआधी पन्नासएक वर्षे, खुद्द पुण्यात, पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्यासाठी गंगाराम तांबट नावाचा मराठी चित्रकार काम करी. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा काढली होती, तिच्यात तो तयार झाला. त्याने वेरूळच्या लेण्यांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन रेखाटने केली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात त्याच्या नावाने आहेत, कारण मॅलेटने ते नाव लिहून ठेवले. कलकत्त्याला वॉलिकच्या १८३० ते १८३२ मध्ये निघालेल्या भव्य ग्रंथात चित्रांखाली 'विष्णुप्रसाद' हे चित्रकाराचे नाव छापलेले आहे. तेही दापोडीच्या आधीच.

याहून जुने उदाहरण तर आपल्या कोकणीभाषक बांधवांचे आहे, आणि मला ते फार आवडते. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा लॅटिन ग्रंथ केला. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले, सातशेहून अधिक वनस्पती, चित्रांसह. पुढे लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दी नावे दिली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी झाडांसाठी त्याच्यापुढे ही चित्रेच होती. या ग्रंथाच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे निवेदन आहे आणि त्यासोबत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र छापले आहे. ते चक्क देवनागरीत आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर चारच वर्षांनी अॅमस्टरडॅममध्ये कुणीतरी आपली अक्षरे कोरत बसले होते, आणि ती कशासाठी, तर माहिती कुणी दिली ते लिहून ठेवण्यासाठी. व्हान ऱ्हीड काही साधुसंत नव्हता, डच कंपनीचा अधिकारी होता. प्रमाणपत्र छापण्यात ग्रंथाची विश्वासार्हता वाढवण्याचा हिशेबही असणार. असू दे. नावे तर राहिली.

मग गिब्सन वाईट माणूस होता का? तसे असते तर हा लेख सोपा झाला असता. गिब्सन चांगला माणूस होता. बागेचे काम मिळण्यापूर्वी तो दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचत गावोगाव हिंडला. तो मराठी बोले. १८४७ पासून तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणच्या डोंगरांवरची झाडे तोडली तर पाणी आटेल हे त्याने सरकारला तेव्हा सांगितले, जेव्हा असे बोलणारे फारच थोडे होते. डॅलझेलबरोबर त्याने लिहिलेला १८६१ चा 'बॉम्बे फ्लोरा' आजही सह्याद्रीच्या अभ्यासकांना चाळावा लागतो. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या एका जमिनीवरच्या ऑर्किडच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. असा माणूस, ज्याला झाडाची कळकळ होती, रयतेची भाषा येत होती, त्याच्याच कारभारातल्या कामात चित्रकाराचे नाव टिकले नाही. यात दुष्टपणा कुठेच नाही. पगार वेळेवर दिला असेल, दिवाळी-नाताळला काही हातावरही ठेवले असेल. नाव नोंदवावे हे सुचले नाही इतकेच. आणि चांगल्या माणसाला जे सुचत नाही ते आपल्यालाही सुचत नसण्याची शक्यता पुष्कळ असते.

आता आपल्या जलीबकडे येतो. जलीब अल शुयूख. जलीब म्हणजे विहीर, शेखांची विहीर. वाळवंटात विहीर खणणे म्हणजे काय असते ते ज्याने खणली त्यालाच माहीत. गावाच्या नावात विहीर आहे, शेख आहेत, खणणारा नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. आपल्याकडेही 'राजाची विहीर' असते, पाथरवटाची नसते. जगभर असेच आहे.

पण जलीबमध्ये राहणाऱ्याला हे जास्त जाणवते. पहाटे साडेचारला रस्त्यावर उभे राहिले की बसच्या बस भरून माणसे कामाला निघालेली दिसतात. निळे, नारिंगी कपडे, हातात डबा, डोक्याला गुंडाळलेला पंचा. आपल्यातल्या बऱ्याच जणांची ऑफिसे, मॉल, मुलांच्या शाळा यांनीच बांधल्या, यांनीच पुसल्या. आपण त्यांना काय हाक मारतो? 'रफीक'. म्हणजे मित्र! मित्र म्हणायचे, पण नाव विचारायचे नाही, यातली गंमत अरबी न येणाऱ्यालाही कळावी. इमारतीचा हारिस आपल्या तीन-चार वर्षांच्या कचऱ्याचा, पार्सलांचा आणि बंद पडलेल्या लिफ्टचा साक्षीदार असतो. त्याला आपण 'हारिस'च म्हणतो. मुलेही तेच शिकतात.

१२ जून २०२४ च्या पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. सुमारे पन्नास माणसे गेली, त्यांतली चाळीसहून अधिक आपल्या देशातली. दोन दिवसांनी हवाई दलाच्या विमानाने पार्थिवे मायदेशी गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत नावे आली, गावे आली, कुणाचे लग्न ठरले होते, कुणाच्या घराचा स्लॅब पडायचा होता, हे आले. आपण सर्वांनी ते वाचले, डोळे पुसले. मला तेव्हा आणि त्यानंतरही एक गोष्ट सलत राहिली. ती माणसे बुधवारच्या पहाटेपर्यंत एक आकडा होती आणि शुक्रवारी त्यांना नावे मिळाली. माणसाला नाव मिळायला विमान यावे लागावे का?

याच कुवेतमध्ये व्हायोलेट डिक्सन नावाची एक बाई १९२९ साली नवऱ्याबरोबर आली आणि १९९० पर्यंत, म्हणजे साठ वर्षे, इथेच राहिली. समुद्राकाठचे डिक्सन हाऊस आपण पाहिले असेल. पाऊस झाला की वाळवंटात ज्या वनस्पती उगवतात त्यांचे नमुने ती गोळा करी. १९५५ मध्ये तिचे कुवेत आणि बहारीनच्या रानफुलांवरचे पुस्तक निघाले. वसंतात इथल्या वाळूवर फिकट जांभळ्या फुलांचा जो सडा पडतो, त्यातल्या एका वनस्पतीला तिच्या सन्मानार्थ 'हॉरवुडिया डिक्सोनिई' असे नाव मिळाले. बदू लोक तिला आधीपासून खुझामा म्हणत होते. बाईंनी वाळवंट पायी तुडवले, त्यांचा मान खराच आहे. आणि बाईंच्या आधी पिढ्यानपिढ्या जे बदू ही झाडे उंटाला चारत आले, ओळखत आले, त्यांचे शहाणपण 'स्थानिक नाव' या एका रकान्यात बसले.

मी व्यवसायाने आय.टी. सल्लागार आहे. आमच्या क्षेत्रात एक गमतीदार सोय आहे. प्रोग्रॅमची कुठलीही ओळ कुणी, कधी लिहिली, हे 'गिट'मध्ये एका कमांडने कळते. त्या कमांडचे नाव आहे 'ब्लेम', म्हणजे दोष देणे. काम बिघडले की नाव शोधायची यंत्रणा अगदी चोख असते. काम नीट झाले की मात्र 'टीम'. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यालयाचा जुना कागदी हिशेब संगणकावर आणण्याच्या कामात मी होतो. दोन वर्षे आठ-दहा मुले रात्रपाळीने जीर्ण वह्यांतले अरबी-इंग्रजी आकडे टंकत होती. त्यांना आकडे चुकलेले कळत, कारण जुन्या कारकुनाचे अक्षर त्यांना पाठ झाले होते. कुठला सात एकसारखा दिसतो, कुठे शाई फुटली आहे, ते त्यांनाच माहीत. काम संपल्यावर जो जाडजूड दस्तऐवज सुपूर्द झाला त्यात पाच पानी नावांची यादी होती: प्रायोजक, सल्लागार, समिती, उपसमिती. टंकणाऱ्यांसाठी 'डेटा एन्ट्री रिसोर्सेस' असे दोन शब्द आणि पुढे संख्या. दापोडीच्या चित्रांबद्दल वाचले तेव्हा मला पहिल्यांदा हे पानच आठवले.

अर्थात, यावर एक रास्त आक्षेप आहे. नावे लिहायची तरी किती? सिनेमाच्या शेवटी दहा मिनिटे नावे सरकत असतात आणि आपण पार्किंगकडे धावत असतो. ज्या कागदावर चित्र काढले तो कागद करणाऱ्याचे नाव लिहायचे का? रंग घोटणाऱ्याचे? कुंडीला पाणी घालणाऱ्या माळ्याचे? असे मागे मागे गेलो तर जग हीच एक नामावली होईल, आणि सगळ्यांचे नाव म्हणजे कुणाचेच नाही.

मला वाटते, इथे थोडा फरक करता येतो. कागद करणाऱ्याला गिब्सनने कधी पाहिले नव्हते. चित्रकार मात्र त्याच्या समोर होता. एक फूल आणा, ते उघडा, भिंगातून पाहा, हा पुंकेसर आखूड झाला आहे, पुन्हा काढा, असे संवाद त्यांच्यात झालेच असणार, त्याशिवाय असे चित्र तयारच होत नाही. त्या चित्रात गिब्सनचे ज्ञान आहे, पण पाहणे चित्रकाराचे आहे. ज्याचे डोळे आपण वापरले त्याचे नाव विचारणे हे उपकारात मोडत नाही. ते देणे आहे. जगाची नामावली करायला कुणी सांगितलेले नाही. ज्याच्याशी आपले बोलणे होते, ज्याच्या लक्ष देण्यावर आपले काम उभे राहते, एवढ्यांचीच यादी केली तर ती एका पानात मावते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तो चित्रकार आज नाही, त्याचे नाव सापडले तरी त्याला काय मिळणार? मी तरुणपणी एडिंबराला एम.एस्सी. करत होतो. खिशात पैसे नसत आणि त्या बागेत शिरायला तिकीट नव्हते, म्हणून कितीतरी रविवार तिथे काढले. त्याच आवारात पुण्याजवळच्या मातीतली ही चित्रे होती. घरापासून इतक्या दूर मला त्या वेळी एखादे नाव, एखादा फर्नांडिस किंवा डिसूझा, भेटला असता तर बरे वाटले असते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. हे माझ्यासाठी झाले, त्याच्यासाठी नाही, हेही खरे. मेलेल्यांचे देणे फेडता येते का, यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. पण श्राद्धपक्षात आपण तीन पिढ्यांची नावे घेतो, तेव्हा 'त्यांना काय कळतंय' असे कुणी म्हणत नाही. ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठीही आपल्या पूर्वजांनी तर्पणात पाणी सोडायची सोय ठेवली आहे, ही गोष्ट मला या संदर्भात विचार करण्याजोगी वाटते.

असो. दापोडीची बाग पुढे बंद झाली, १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवी बाग झाली, आणि ती आजही आहे. २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सुट्टीत पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा, सोबत वही-पेन्सिल असू द्या. मोबाईल गाडीत ठेवता आला तर उत्तम.

जाता जाता मद्रासेकडची एक गोष्ट. ज्या काळात दापोडीला ही चित्रे होत होती, साधारण त्याच काळात तिकडे रॉबर्ट वाइट हा आणखी एक स्कॉटिश डॉक्टर वनस्पतींचा ग्रंथ करत होता. १८३८ ते १८५३ या काळात सहा खंड, दोन हजारांहून अधिक चित्रे. त्याचे चित्रकार होते रंगय्या आणि त्याच्यानंतर गोविंदू. या दोघांची नावे वाइटने नोंदवली. एवढ्यावर तो थांबला नाही. शेवटच्या खंडात त्याने ऑर्किडच्या एका नव्या प्रजातीला चित्रकाराचे नाव दिले: 'गोविंदूइया'. साहेबाने साहेबाचे नाव झाडाला देणे नेहमीचेच होते. पगारी देशी चित्रकाराचे नाव देणे नेहमीचे नव्हते.

नंतर असे लक्षात आले की ही वनस्पती 'ट्रॉपिडिया' या आधीच नाव मिळालेल्या प्रजातीतली आहे. नियमाप्रमाणे जुने नाव चालते, त्यामुळे 'गोविंदूइया' आज वापरात नाही. पण वनस्पतींच्या नावांचा आणखी एक नियम आहे. एकदा रीतसर प्रसिद्ध झालेले नाव नोंदवहीतून काढून टाकता येत नाही. पर्यायी नाव म्हणून ते कायम राहते, आणि दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीला पुन्हा ते देता येत नाही.